वरून की खालून

गाडीचं ऑइल मोजायची डिपस्टिक पुसलेलं पांढरं फडकं सुनेनं टेबलावर टाकलं आणि म्हणाली, "बघा आई. काळं ठिक्कर पडलंय."

सासूबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, फडकं खिडकीपाशी नेलं, उजेडात उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत आणून ठेवलं. "काळं नाही हे," त्या म्हणाल्या. "तपकिरी आहे. फार गडद तपकिरी. कडेला बघ, जिथं पसरलंय तिथं."

सुनेनं वाद घातला नाही. रंगाच्या बाबतीत सासूबाईंशी वाद घालायचा नसतो, हे ती या घरात आल्या आल्या शिकली होती. सासूबाईंची सगळी हयात धाग्याच्या कारखान्यात रंग जुळवण्यात गेली होती. गिऱ्हाइकाकडून कापडाचा एवढासा तुकडा यायचा, आणि तोच रंग धाग्यावर उतरला की नाही हे उजेडाच्या खिडकीत उभं राहून सांगायचं, हे त्यांचं काम. पुढे यंत्रं आली, ती आकडे द्यायला लागली, तरी शेवटी 'बाईंना एकदा दाखवून आणा' हे काही सुटलं नाही. बाई निवृत्त झाल्या, नजर झाली नाही. समोरच्या घराच्या दोन भिंतींना दोन तऱ्हेचा पिवळा लागलाय हे त्यांनी रंगाऱ्याला शिडीवर असतानाच सांगितलं होतं. तेव्हापासून तो रंगारी त्यांना लांबून पाहिलं की रस्ता बदलायचा.

पण आत्ताचा प्रश्न रंगाचा नव्हता, ऑइलचा होता. सुनेचे दिवस भरत आले होते. दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. वेळ आली की गाडीनंच जायचं, आणि गाडीचं ऑइल बदलायची वेळ तर केव्हाच टळून गेली होती. एरवी हे काम मुलगा करायचा. तो जहाजावर विजेच्या कामावर होता, वर्षातले कितीतरी महिने पाण्यावर. जायच्या गडबडीत ऑइल राहून गेलं आणि समुद्राच्या मधोमध त्याला ते आठवलं. कोपऱ्यावरचं गॅरेज मालकानं म्हातारपणामुळे बंद केलेलं. मोठ्या गॅरेजनं जी तारीख दिली, ती डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्याही पुढची. घरीच करून टाका, सोपं असतं, असं मुलानं फोनवर सांगितलं आणि फोन कट झाला. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशातली गत; जहाज तर उंटापेक्षाही उंच.

सून एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. कुठलीही वस्तू कागदावर उभी चिरून दाखवल्याशिवाय तिचं समाधान होत नसे. तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर इंजिन काढलं. सगळ्यात खाली एक खोलगट डबा, त्याला चेंबर म्हणतात; ऑइल त्यात साठतं. वरून एक बारीक नळी थेट चेंबरात उतरते, डिपस्टिक त्याच नळीतून आत जाते. आणि चेंबरच्या बुडाशी एक नट. म्हणजे वाटा दोन. एक तर वरच्या नळीतून पंपानं ऑइल ओढून घ्यायचं, नाही तर खाली शिरून नट काढायचा आणि आपसूक वाहू द्यायचं.

"वरून," मास्तर म्हणाले.

मास्तर म्हणजे शेजारचे, कुंपणापलीकडचे. आयुष्यभर त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं. या वस्तीत ज्याला म्हणून गाडी येते, त्याला मास्तरांनीच कधी ना कधी 'क्लच सोड, पण प्रेमानं' असं सांगितलेलं होतं. नवशिक्यांच्या ब्रेकचे इतके हिसके बसले की कंबर कायमची गेली, आणि आता ते रुंद पट्टा बांधल्याशिवाय खुर्चीतून उठत नसत. वरून ऑइल ओढायचा हातपंप त्यांच्याकडे होता. असल्या कमरेच्या माणसाचं मत कुठल्या बाजूला पडणार, हे उघडच होतं. पण त्यांचं म्हणणं अगदीच लेचंपेचं नव्हतं. गाडी उचलायला नको, जमिनीवर लोळायला नको, नटाचे आटे खराब व्हायची भीती नको, आणि अंगणात एक थेंब सांडत नाही. फिल्टरसुद्धा या गाडीला बाजूनं आहे, वरून हात घातला की निघतो.

संध्याकाळी जहाजावरून निरोप आला, तो नेमका उलटा. खालूनच काढा. वरून ओढलं की तळचा गाळ तळालाच राहतो, आणि नव्या ऑइलमध्ये मिसळून पुन्हा इंजिनभर फिरतो.

झालं. दोन दिवस घरात दुसरा विषय नाही. सून एकदा वरची बाजू घ्यायची, एकदा खालची, आणि दोन्ही वेळा तिचं म्हणणं पटायचं. मास्तर कुंपणावर कोपर टेकून म्हणायचे की गाळाचं एवढं कौतुक कशाला, वेळेवर ऑइल बदललं तर गाळ होतोच कुठे. त्यावर सून म्हणायची की वेळेवर बदललेलं नाहीये, घोडं तर तिथंच पेंड खातंय. सासूबाई दोघांचं ऐकून घ्यायच्या. गाडीत त्या इतकी वर्षं बसत होत्या, पण बॉनेटखाली काय आहे ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि कुणी दाखवलंही नव्हतं. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"खालून करायचं तर खाली जाणार कोण?"

मास्तरांनी आपल्या पट्ट्याकडे पाहिलं. सुनेनं आपल्या पोटाकडे. मग 'वरून' हे एकमतानं ठरलं. पुष्कळ निर्णय असेच होतात. दुसरं करायला माणूस नसतो म्हणून पहिलं बरोबर ठरतं.

सुटीच्या दिवशी सकाळी मास्तर पंप घेऊन आले. पितळी दांड्याचा, खाली डबा असलेला, सायकलला हवा भरायच्या पंपासारखाच दिसणारा. काम मात्र उलटं करणारा. आधी गाडी थोडा वेळ चालू ठेवली, ऑइल कोमट होऊन पातळ व्हावं म्हणून. मग बंद केली, डिपस्टिक काढली, आणि मास्तरांनी तिच्या नळीत पंपाची पारदर्शक बारीक नळी हळूहळू आत सोडली. सुनेनं स्टूल घेतलं. सासूबाई हात पाठीमागे बांधून जवळ उभ्या राहिल्या. मास्तरांनी दांडा वरखाली केला, थांबले, पुन्हा केला. आधी काहीच झालं नाही. मग नळीतून एक गडद रेघ वर चढायला लागली.

सासूबाई वाकल्या. बारीक नळीत, सकाळच्या उन्हात, ते ऑइल काळं नव्हतंच. कडेनं तांबूस होतं, मध्ये अंजिरी, आणि ऊन थेट पडत होतं तिथं गुळाच्या रंगाच्या जुन्या काचेसारखं आरपार दिसत होतं. लोखंडाच्या त्या ढिगातून, कुणी न ढकलता, ते आपल्याआपण वर येत होतं.

"कसं चढतंय हे?" त्यांनी विचारलं.

डब्यातली हवा काढून घेतली की रिकामी जागा ओढून घेते, असं मास्तरांनी सांगितलं, आणि हे इतकं सोपं आहे हे पटवायला पुन्हा दोनदा दांडा मारला. तेवढ्यात नळी गुरगुरली. रेघ तुटली, मध्ये बुडबुडे आले, आणि ओढणं थांबलं. मास्तर खूश झाले. झालं रिकामं, म्हणाले. सुनेनं स्टुलावरून वाकून डब्यावरच्या खुणा वाचल्या आणि गाडीच्या पुस्तकात पाहिलं. निघायला हवं त्याच्या अर्ध्यालाही पोचलं नव्हतं.

मग नळी आत-बाहेर करणं सुरू झालं. थोडी वर घे, थोडी फिरव, जरा जोर दे. आत कुठल्याशा वळणावर ती अडत होती आणि तळाला काही पोचत नव्हती. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. दुसऱ्या कुणाच्या गाडीला हाच पंप झक्क चालतो, असं त्यांनी तीनदा सांगितलं, आणि ते खरंच असावं. पण या गाडीनं ऐकलं नाही. अर्धं ऑइल बाहेर, अर्धं आत. गाडी ना चालवायच्या कामाची, ना तशीच उभी ठेवायच्या.

सासूबाई घरात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी साडीऐवजी मुलाची जुनी विजार घातली होती, खालून चार घड्या मारून, वर कारखान्यातला निळा कोट. डोक्याला रुमाल.

"मी जाते खाली," त्या म्हणाल्या.

सुनेनं साफ नकार दिला. मास्तरांनी तिला दुजोरा दिला, 'वहिनी, हे काय वय आहे का' वगैरे. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. अंगानं त्या चिमणीएवढ्या, वजन कधी वाढलंच नाही. गाडीखाली सहज मावतील हे तिघांनाही दिसत होतं, पण म्हणायला कुणी तयार नव्हतं. शेवटी सून म्हणाली की निदान गाडी नीट उचललेली हवी, जॅकच्या भरवशावर कुणी गाडीखाली जाणार नाही, मी जाऊ देणार नाही. आणि इथं मास्तरांची गेलेली पत थोडी परत आली, कारण शिकवणीच्या दिवसांतले चाकं चढवून गाडी उंच करायचे दोन भक्कम लोखंडी रॅम्प त्यांच्या परसात अजून पडून होते.

पण रॅम्पवर चढवायला गाडी चालू करायला हवी, आणि अर्ध्या ऑइलवर इंजिन चालू करायचं नाही, एवढं आता सगळ्यांना कळत होतं. तेव्हा मास्तरांनी, चेहरा शक्य तितका गंभीर ठेवून, सकाळभर खपून काढलेलं ऑइल नरसाळ्यानं पुन्हा गाडीतच ओतलं. सून स्टुलावर हसून हसून इतकी हलली की सासूबाईंना तिच्या पाठीवर हात ठेवावा लागला.

मास्तरांनी खुणा केल्या आणि सुनेनं गाडी रॅम्पवर चढवली. पुढची चाकं वर, मागची जमिनीवर, त्यांच्या मागे लाकडाचे ठोकळे घट्ट बसवलेले, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. मास्तरांनी बाजूनं धक्के मारून पाहिले. गाडी हलली नाही. तापलेल्या नळ्या निवेपर्यंत सगळ्यांनी चहा घेतला. चहा पिताना सासूबाईंची नजर गाडीखालच्या अंधारावरून हलली नाही. सुनेला वाटलं, घाबरल्या. घाबरल्या तर होत्याच, पण परत फिरावं असं त्यांच्या मनात आलं नव्हतं.

मग जुनी पातळ गादी अंथरली, पसरट टब आत सरकवला, आणि सासूबाई पाठीवर आडव्या होऊन, पायांनी रेटा देत, टॉर्च आणि पाना घेऊन गाडीखाली गेल्या.

आत एक वेगळीच ऊब होती, उन्हाची नव्हे, गुरांच्या अंगाला असते तशी. डोळ्यांसमोर हातभर अंतरावर इंजिनाचं पोट होतं. टॉर्चच्या उजेडात नळ्या, दांडे, तारा एकमेकांना वळसे घालून कुठल्या कुठे जात होते, आणि त्यांतलं एकही उगीच नाही हे पाहताक्षणी कळत होतं. कुठे धुळीचा थर, कुठे वर्षानुवर्षांच्या रस्त्यांचा चिखल वाळून खपलीसारखा चिकटलेला. या गाडीतून त्या लग्नांना गेल्या होत्या, प्रेताला गेल्या होत्या, नवऱ्याला शेवटचं दवाखान्यातून घरी आणलं तेही हिच्यातूनच. त्या सगळ्या वेळी हे खाली होतं. त्यांच्या पायांच्या इतकं जवळ, आणि त्यांना पत्ता नव्हता.

"आई, नट दिसला का?" सुनेचा आवाज आला. चाकाशेजारी तिच्या चपला दिसत होत्या, त्यांच्यापलीकडे मास्तरांचे बूट.

दिसला होता. मास्तरांनी वरून 'डावीकडे फिरवा' सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, कुणाच्या डावीकडे. त्यावर बुटांनी थोडा वेळ विचार केला. सून म्हणाली, "बाटलीचं झाकण उघडतो तसं, आई. नटाकडे तोंड आहे ना तुमचं, मग तसंच."

नट हलेना. त्यांनी दोन्ही हात लावले. मग पान्याच्या लांब दांड्याला तळव्यानं हिसका दिला, आणखी एक दिला, आणि आत कुठेतरी 'टक्' झालं. इतका लहान आवाज; पण त्यांच्या खांद्यांपर्यंत पोचला. पुढचे फेरे हातमोज्यातल्या बोटांनीच झाले. शेवटच्या फेऱ्याला त्यांनी सांगितल्याप्रमाणे नट वर दाबून धरला आणि एकदम बाजूला घेतला.

ऑइल आलं.

त्यांना वाटलं होतं की भळभळ येईल, शिंतोडे उडतील. तसं काही झालं नाही. बोटाएवढी जाड, गुळगुळीत, अखंड धार बाहेर पडली आणि किंचित वाक घेऊन टबात उतरली. तिला आवाज नव्हता. ती इतकी स्थिर होती की वाहतेय असं वाटेना. जणू कुणी चकचकीत दोर टांगून ठेवलाय. टॉर्चचा उजेड तिच्या अंगावर एकाच जागी थांबला होता, आणि त्या जागेतून ऑइल जात राहत होतं. सासूबाईंनी आयुष्यभर रंग ओतलेले पाहिले होते. मोठमोठ्या कढयांतून निळे, किरमिजी, हिरवे रंग ओतले जाताना त्यांनी रोज पाहिलं होतं, आणि त्यांना वाटत आलं होतं की ओतण्यात आता नवीन पाहायचं काही उरलेलं नाही. टॉर्च थोडा मागे नेला की धार काळी व्हायची, थोडा बाजूला नेला की तिच्या कडेला जांभळट झाक यायची, आणि मागून धरला तर तिच्या पोटात एक लालसर ज्योत लागल्यासारखी दिसायची. या रंगाला त्यांच्याकडे नाव नव्हतं. कारखान्यात जितके आकडे होते त्यांतला एकही याला लागू पडला नसता.

"आई?"

त्यांनी टॉर्च आणखी थोडा फिरवला.

"आई, ठीक आहात ना? काही लागलं का?" सुनेचा आवाज आता बारीक झाला होता.

"गप्प राहा जरा," सासूबाई म्हणाल्या. "बघू दे."

मग सुनेच्या चपला हलल्या, स्टूल सरकलं, मास्तर 'अगं अगं' म्हणाले, आणि चाकाच्या बाजूनं आधी एक हात, मग खांदा, मग सुनेचं डोकं जमिनीवर आलं. तेवढं पोट सांभाळत, गादीच्या कडेवर कुशीवर होऊन, ती गाल टेकून आत पाहत होती. तिला रागवावं हे सासूबाईंना सुचलंच नाही. त्यांनी टॉर्च धारेच्या मागे धरला आणि तिला ती ज्योत दाखवली.

सुनेनं पाहिलं. तिनं कितीतरी वस्तू कागदावर चिरून दाखवल्या होत्या, ही धारसुद्धा तिच्या चित्रात होती, पेन्सिलीचा एक बाण. मग तिनं सासूबाईंचा मोकळा हात धरला, हातमोज्यासकट, आणि आपल्या पोटाच्या बाजूला ठेवला. तिथं काहीतरी सावकाश एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळत होतं. दोघीही तशाच पडून राहिल्या. धार बारीक होत गेली, दोऱ्याएवढी झाली, केसाएवढी झाली, मग तुटली आणि थेंब पडायला लागले. थेंबाथेंबातलं अंतर वाढत गेलं. मास्तर बाहेर एकटे उभे होते. दोन्ही बायका गाडीखाली काय करतायत हे त्यांना कळत नव्हतं, पण या माणसाची एक गोष्ट चांगली होती, की न कळलेल्या वेळी ते मध्ये बोलत नसत.

पुढचं काम हातोहात झालं. नटाला नवा वायसर लावून तो आधी बोटांनी, मग पान्यानं बसवला. सून म्हणाली होती की घट्ट म्हणजे बेताचा घट्ट, राग काढल्यासारखा नव्हे. फिल्टर वरून निघाला. तिथंही सासूबाईंचाच लहान हात कामी आला, मास्तरांचा पंजा त्या फटीत शिरता शिरेना. नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला बोटानं ऑइल चोपडलं, बसवला. मग सुनेनं नव्या ऑइलचा डबा उघडला, नरसाळं लावलं आणि डबा सासूबाईंच्या हातात दिला.

नवं ऑइल पाहून मास्तरच म्हणाले, "वहिनी, याला काय म्हणाल?"

मधाचा रंग असं कुणीही म्हटलं असतं. सासूबाई ओतत राहिल्या. मध इतका निर्मळ नसतो. ते उन्हातून वाकून खाली जात होतं आणि त्याची सावली, जमिनीवर पडलेली, तीसुद्धा पिवळी होती. ओतून झाल्यावर त्यांनी झाकणाच्या भोकातून टॉर्चनं आत डोकावून पाहिलं. आत अंधारात लोखंडाचे गोलाकार उंचवटे एकामागे एक बसलेले होते, ओले, झळझळीत, आत्ताच कुणी धुऊन पुसून ठेवल्यासारखे. बाहेरून चिखल, धूळ, वाळलेली पानं. आणि आत हे असं. इतकी वर्षं. त्यांनी मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी पट्टा सावरत वाकून एक डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. उभी हयात गाड्यांत गेली, पण या भोकातून आपण कधी पाहिलं नव्हतं, एवढंच ते सरळ होताना म्हणाले.

गाडी चालू केली. समोरच्या काट्यांच्या मधला ऑइलचा लाल दिवा लागला आणि विझला. सुनेनं सांगायच्या आत सासूबाई पुन्हा खाली वाकून नट कोरडा आहे का ते पाहत होत्या. कोरडा होता. गाडी बंद करून रॅम्पवरून खाली घेतली, जरा थांबून डिपस्टिक तपासली, आणि मास्तरांचा जीव भांड्यात पडला. जुनं ऑइल डब्यांत भरून जिथं जमा करतात तिथं त्यांनी स्वतः नेऊन दिलं. पंप मात्र ते आपल्याबरोबर घेऊन गेले, आणि त्यानंतर त्याचं नाव काढलं नाही.

डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या आधीच, एका दुपारी, सुनेनं हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली की आता निघूया. मास्तरांनी गाडी चालवली, दुसऱ्या कुणाला शिकवत असल्यासारखी, प्रत्येक वळण स्वतःशी सांगत. सासूबाई मागे सुनेचा हात धरून बसल्या होत्या. गाडी कुठे अडली नाही, गुरगुरली नाही. संध्याकाळच्या आत मुलगी झाली. सून सुखरूप होती. सासूबाईंच्या हातात मुलगी दिली तेव्हा तिनं क्षणभर डोळे उघडले, आणि मास्तरांनी मागून विचारलं की कुणाचे डोळे घेतलेत. रंग अजून ठरायचाय, असं नर्सनं सांगितलं. सासूबाई मान हलवून म्हणाल्या, "ठरू दे सावकाश."

मुलगा जहाजावरून आला तेव्हा मुलगी मान धरायला लागली होती. पहिले काही दिवस तो तिला सोडून कुठे हलला नाही. अंगणातली सगळी गोष्ट बायकोनं त्याला सांगितली, मग मास्तरांनी त्यांच्या बाजूनं सांगितली, आणि त्यात पंपाचा भाग बराच लहान झाला होता. मुलगा दोन्ही वेळा हसला. आईकडे मात्र तो जरा वेगळ्याच नजरेनं पाहायला लागला होता.

एका सकाळी तो मुलीला खांद्यावर घेऊन अंगणात फिरवत असताना सासूबाई बाहेर आल्या.

"मला एक सांग," त्या म्हणाल्या. "ऑइल असतं खाली चेंबरात. पण मी वरून डोकावले तर तिथंही सगळं ओलं होतं. मग ते वर कसं चढतं?"

मुलगा थांबला. इतक्या वर्षांत आईनं त्याला गाडीतलं काही विचारल्याचं त्याला आठवेना. त्यानं सांगितलं की आत, तळाशी, एक छोटा पंप असतो. इंजिन फिरलं की तोही फिरतो आणि ऑइल ढकलतो. लोखंडाच्या आतून भोकं पाडलेली असतात, दांड्यांच्यासुद्धा आतून, त्या वाटांनी ते वर जातं आणि सगळीकडून ओघळून परत खाली येतं. गाडी चालू असते तोवर असं फिरत राहतं.

"लोखंडाच्या आतून," सासूबाई म्हणाल्या.

"हो. आणि तो मधला मोठा दांडा असतो ना, सगळी गाडी ज्याच्या जोरावर पळते, तो कशावर टेकत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तो ज्यात फिरतो, त्याच्या आणि दांड्याच्या मध्ये ऑइलचा पापुद्रा असतो. केसापेक्षा कितीतरी पातळ. चालू होताना क्षणभर घासतं, पण एकदा वेग धरला की दांडा त्या पापुद्र्यावर तरंगतो."

सासूबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. "लोखंड लोखंडाला लागत नाही?"

"लागता कामा नये, आई. लागलं तर इंजिन गेलंच."

त्या गाडीकडे वळल्या. ती तशीच उभी होती, धुळीनं माखलेली, एका दाराला जुना पोचा. दवाखान्यात निघाले त्या दुपारी सून कळा सोसत होती, मास्तर वळणं मोजत होते, अख्खं शहर खिडकीतून मागे जात होतं, आणि ते सगळं ओझं केसापेक्षा पातळ अशा कशावर तरी तरंगत चाललं होतं. आणि ते जे काही होतं, ते त्यांच्या हातांनी त्यांनी भरलं होतं.

"चालू कर," त्या म्हणाल्या.

"कुठे जायचंय?"

"कुठे नाही. चालू कर नुसती."

मुलानं मुलीला आईकडे दिलं आणि आत बसून किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, पहिल्यांदा थोडं खरखरलं आणि मग एका सुरात आलं. सासूबाईंनी नातीला छातीशी धरलं, दुसरा तळवा बॉनेटवर ठेवला आणि उभ्या राहिल्या. कुंपणापलीकडून मास्तर काय झालं म्हणून बघायला आले. सासूबाईंनी बॉनेटवरचा हात क्षणभर उचलून, बोट ओठावर ठेवून त्यांना गप्प राहायला सांगितलं.